पावणेतीन तासांचे देशांतर

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या माणसाला एक प्रश्न वर्षातून निदान दहा वेळा ऐकावा लागतो: "तिकडून यायला वेळ किती लागतो हो?" गावचा सोयरा विचारतो, लग्नात शेजारच्या पानावर बसलेला अनोळखी गृहस्थ विचारतो, माहेरपणाला आलेली चुलतबहीण विचारते. प्रश्नात खोच नसते. आम्हीही त्याचे उत्तर इतकी वर्षे साध्या मनाने देत आलो: कोलकात्याहून मुंबई, विमानाने पावणेतीन तास. हे उत्तर देताना मनाला थोडी ऐट वाटत असे, हेही कबूल केले पाहिजे. कारकुनाच्या पदरी ऐट करण्याजोगे फार थोडे असते; त्यात एवढ्या वेगाच्या काळात आपण जगतो आहोत, ही एक. गेल्या पौषापासून मात्र हे उत्तर ओठाशी येऊन अडखळू लागले आहे. ते का अडखळते, याचा शोध घ्यावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आकडे पाहू. पक्ष्याच्या वाटेने मोजले तर मुंबई आणि कोलकाता या दोन शहरांत सुमारे १,६५० किलोमीटर अंतर आहे. नागपूरवरून जाणाऱ्या लोहमार्गाने तेच १,९६८ किलोमीटर भरते. वेगवान गाडीला तीस-एकतीस तास लागतात; विमानाला, वेळापत्रक पाहाल तर, पावणेतीन. त्यातही एक गंमत आहे. मुंबईहून कोलकात्यास जाणारे विमान येणाऱ्या विमानापेक्षा पाव तास, कधी त्याहूनही अधिक लवकर पोचते. हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो. तो जाणाऱ्याला पाठीशी घेतो आणि परतणाऱ्याला छातीवर झेलावा लागतो. कामावर रुजू होण्यास जाताना वारा अनुकूल आणि घरी येताना प्रतिकूल, हा निसर्गाचा पक्षपात आमच्यासारख्या चाकरमान्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. त्यात मुंबईच्या विमानतळावरील दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि उतरू पाहणारी विमाने शहरावर घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट पाहत राहतात.

सूर्याचा हिशेब निराळा आहे. तो कोलकात्यास मुंबईच्या सुमारे तासभर आधी मावळतो. १९०६ मध्ये सर्व देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तरी कलकत्त्याने आपली स्वतंत्र वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत कुठे ना कुठे जपून ठेवली होती, ती काही केवळ हट्टापायी नव्हे. ही दोन शहरे खरोखरच वेगवेगळ्या घटका जगतात. आज दोन्हीकडची घड्याळे एकच वेळ दाखवतात; दिवेलागण मात्र अजून दोन वेगळ्या वेळी होते.

या वाटेवरून उलट दिशेने गेलेल्या एका अधिकाऱ्याची आठवण आम्हांला वारंवार होते. सनदी सेवेत प्रवेश मिळवणारे पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर यांची निवड १८६३ मध्ये झाली आणि नेमणूक मुंबई इलाख्यात. तेव्हा कलकत्ता ते मुंबई असा सलग लोहमार्गच नव्हता. तो १८७० मध्ये जबलपुरापाशी जोडला गेला. सत्येंद्रनाथांनी उभी हयात इकडे काढली, तुकोबांचे अभंग बंगालीत नेले, आणि १८९७ मध्ये ते निवृत्त झाले ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून. सातारा हा आमचा जिल्हा. त्यामुळे त्यांचे घर आणि आमचे घर यांची जणू अदलाबदल झाली आहे, असे आम्हांला वाटत आले आहे. जोडासाँकोच्या त्या मोठ्या कुटुंबात बरेवाईट प्रसंग किती घडले असतील! त्या प्रत्येक प्रसंगी सत्येंद्रनाथ हजर असावेत अशी अपेक्षा कोणी केली असेल, असे वाटत नाही. त्यांच्या वतीने अंतरच उत्तर देत होते.

पुढे टपालाने वेग घेतला. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. म्हणजे पत्र एका रात्रीत पोचू लागले, पण ते लिहिणारा सामान्य नोकरदार आगगाडीनेच येत राहिला. १९७७ च्या डिसेंबरात, कोकणातून निवडून गेलेले मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तिच्यात वर्गभेद नव्हता. सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. साहेब आणि कारकून एकाच प्रकारच्या बाकावर बसून सारख्याच उशिरा घरी पोचत. पुढे त्या गाडीलाही वातानुकूलित डबे लागले. असो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

पौषातल्या एका पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आबा गेले." थोडा वेळ दोघेही बोललो नाही. मग तो म्हणाला, "तू कधी निघतोस? काका विचारतायत, थांबवायचं का म्हणून."

आम्ही त्याला दहा मिनिटे मागितली. सकाळी आठला सुटणाऱ्या विमानात जागा होती. भाडे पंधरा हजारांच्या वर. सायंकाळच्या विमानात त्याच्या निम्म्याहून कमी. आमच्या वेतनश्रेणीला विमानाचा हक्क नाही. जाणार ते पदरच्या पैशाने. त्याच आठवड्यात मुलीच्या शाळेचे शुल्क भरायचे होते. आम्ही उठून पाणी प्यालो, पुन्हा आकडे पाहिले, आणि भावाला फोन करून सांगितले, "सकाळचं विमान मिळत नाही रे. तुम्ही थांबू नका."

सकाळचे विमान मिळत होते. आठला निघालो असतो तर अकराच्या सुमारास मुंबई, आणि तेथून पाच-सहा तासांत गाव. पौषात आमच्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, कोलकात्यापेक्षा तासभर उशिरा. तो एक तासदेखील आमच्या बाजूचा होता. भावाने आणि काकांनी थांबवले असते. आबांना अग्नी दुपारी एकला भावाने दिला. आम्ही तीनच्या सुमारास घरून निघालो, साडेपाचच्या विमानात बसलो, मुंबईवर वीस-पंचवीस मिनिटे घिरट्या घातल्या, रात्रीची एस. टी. धरली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला दारात उभे राहिलो. घर सोडल्यापासून साडेतेरा तास झाले होते. पावणेतीन तासांचे खरे माप हे असे असते. पण आमचे दुःख ते नव्हे.

ओसरीवर काका बसले होते. त्यांनी आम्हांला जवळ घेतले आणि बसलेल्या मंडळींना म्हणाले, "लांबून आलंय पोर. आलं हेच लई झालं." तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो, तेव्हा भटजींनीही समजूत घातली की देशांतरी असलेल्या पुत्राला वेळेवर पोचता आले नाही, तर दोष नाही. सारे गाव आमच्या हातात एक सबब ठेवत होते. ती त्यांनी प्रेमाने, न मागता, संपूर्ण विश्वासाने दिली होती. सत्येंद्रनाथांना ती सबब साजली असती. आम्हांला ती घेता येईना, आणि परतही करता येईना. कारण आम्हांला अडवले ते १,६५० किलोमीटरांनी नव्हे. सात-आठ हजार रुपयांनी. आणि त्याहूनही अधिक, "मिळत नाही" या दोन शब्दांनी.

परत आल्यावर एका रविवारी अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड काढला. १९५३ मध्ये निघालेल्या या खंडात आशौचाचा विचार आहे. देशांतर म्हणजे काय, याचा शास्त्रकारांनी बारकाईने विचार केला आहे. मध्ये मोठी नदी किंवा पर्वत आडवा येतो आणि जेथे भाषा पालटते, ते देशांतर, असे एक मत. काहींनी ते योजनांत मोजले, पण त्यांच्या आकड्यांत मेळ नाही. दूर देशीच्या नातलगाची वार्ता दहा दिवस उलटून गेल्यावर आली, तर आशौच तीन रात्रींचे. वर्ष लोटल्यावर आली, तर केवळ स्नान. अंतर वाढत जाते तसतसे बंधन सैल होत जाते. व्यवहाराला धरून असलेली ही मांडणी आम्हांला आवडली. आणि मग तिचा अपवाद वाचला. आईबाप गेले, तर पुत्र कितीही दूर असो आणि कितीही काळ लोटलेला असो, वार्ता ऐकल्या दिवसापासून त्याला पुरे दहा दिवस.

या अपवादाने आमची झोप उडवली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. आमची झोप आधीच उडाली होती. पण त्यातली एक गोष्ट मनात घर करून राहिली. शास्त्रकारांनी पुत्राचे कर्तव्य पोचण्यावर टांगलेले नाही, ऐकण्यावर टांगले आहे. पोचणे त्याच्या हातात नाही, हे त्यांना ठाऊक होते. ऐकल्यानंतर कसे वागायचे ते मात्र त्याच्याच हातात. रूपनारायण आणि वैनगंगा या नद्या अजून मध्ये आहेतच, सह्याद्रीही आहे, भाषा तर दोनदा-तीनदा पालटते. विमानातून यांपैकी काहीच दिसत नाही, पण म्हणून त्या नाहीशा झाल्या नाहीत. नाहीसे झाले आहे ते निराळेच. वार्ता येण्याचा विलंब संपला, आणि पोचण्याचा विलंब विकत घेता किंवा विकत टाळता येऊ लागला. पूर्वी जे दैव होते, ते आता भाडे झाले.

येथे तत्त्वज्ञांचे एक प्रसिद्ध वचन मदतीला येईल असे वाटते. कांटचे म्हणणे असे की जे करणे माणसाला शक्य नाही, ते त्याचे कर्तव्य होऊ शकत नाही. हे वचन दुबळ्यांचे संरक्षण आहे. पण त्याची उलटी बाजू लोक गृहीत धरतात ती अशी, की जे शक्य झाले ते कर्तव्यही झाले. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की हे अनुमान चुकीचे आहे. व्यवहारात मात्र ते रोज चालते. विमान आहे म्हणून आलेच पाहिजे. फोन आहे म्हणून उचललाच पाहिजे. शक्यतेची प्रत्येक नवी वाट घरच्यांच्या अपेक्षेचीही वाट होते, आणि ती वाट ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यापुरती रुंद असते. आमच्याच इमारतीतला वरच्या श्रेणीचा अधिकारी आठच्या विमानात बसला असता. म्हणून तो आमच्याहून चांगला मुलगा ठरतो काय? आम्हांला तसे वाटत नाही. पण हे वाटणे आमच्या सोयीचे आहे, हेही विसरता येत नाही.

पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने याहून कठोर प्रश्न विचारला आहे. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, तेव्हा त्याने एक निबंध लिहिला. तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे असे की दुःखी माणूस दहा पावलांवर आहे की दहा हजार मैलांवर, याने आपल्या कर्तव्यात फरक पडत नाही. ज्या बिधाननगरात आमची कचेरी आहे, तेथे, त्या काळच्या सॉल्ट लेकच्या माळावर, सांडपाण्याच्या मोठाल्या काँक्रीट नळांत ते निर्वासित संसार थाटून राहिले होते. एकीकडे तो निबंध आणि दुसरीकडे आमची पहाट. सिंगरला अंतराच्या सबबीवर लोक परक्यांना विसरतात याचा राग आहे. आम्ही तर अंतराची सबब सांगून सर्वांत जवळच्या माणसाला दूर केले.

खूप विचार करून आम्ही एवढ्या निर्णयाला आलो आहोत की त्या पहाटे हिशेब केला, हा अपराध नव्हता. ज्याला महिन्याची तोंडमिळवणी करायची असते, त्याला दुःखातही हिशेब करावा लागतो, आबांनी आमच्या आजीच्या दिवसकार्यासाठी बैल विकला नाही, तेव्हा तेही हिशेबच करत होते, आणि तसे त्यांनी चारचौघांत सांगितलेही होते: "बैल इकला तर पेरायचं कशानं?" आम्ही मात्र हिशेबाला अंतराचे नाव दिले. "पैसे पुरत नाहीत, संध्याकाळी येतो" असे म्हटले असते, तर भावाने कदाचित पैसे पाठवले असते, कदाचित सायंकाळपर्यंत थांबवले असते, कदाचित रागावलाही असता. काय ते ठरवण्याचा अधिकार त्यालाही होता. तो आम्ही काढून घेतला, आणि वर त्याच्याकडून सहानुभूती घेतली.

आता या गोष्टीचे मूळ त्या पहाटेच्याही मागे आहे, असे वाटू लागले आहे. आमच्या गावचे एक गृहस्थ सैन्याच्या हिशेब खात्यात ईशान्येकडे होते. त्यांना गावी यायला चार दिवस लागत. म्हणून ते वर्षातून एकदा येत आणि महिनाभर राहत. विहिरीवर पोहत, भावकीचे तंटे ऐकत, म्हाताऱ्यांच्या पायाशी बसत. आम्ही चार वर्षांत दोनदा गेलो, प्रत्येक वेळी तीन दिवस. जायला पावणेतीनच तास लागतात ना! केव्हाही जाता येईल. जेथे केव्हाही जाता येते, तेथे माणूस आज जात नाही. चार दिवसांच्या वाटेला मुहूर्त लागत असे, आणि मुहूर्त धरला की माणूस निघत असे.

आबा एस. टी. त वाहक होते. त्यांचे सगळे अंतर टप्प्यांत, सहा किलोमीटरांचा एक टप्पा. शेवटच्या भेटीत त्यांनी मुंबई-कोलकाता किती किलोमीटर, म्हणून विचारले. आम्ही १,६५० सांगताच त्यांनी तोंडी भागाकार केला. "दोनशे पंच्याहत्तर टप्पे," ते म्हणाले. "आणि वेळ?" आम्ही पावणेतीन तास सांगितले. "म्हणजे सातारा-मुंबईपेक्षा जवळच की." आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे होते, आम्ही निघालो.

भावाला खरी गोष्ट अजून सांगितलेली नाही. पत्राने कळवावी असे दोनदा मनात आले, पण ही पत्राने सांगण्याची गोष्ट नव्हे. येत्या मे महिन्यात रजा प्रवास सवलत घेऊन गीतांजलीची तीन तिकिटे काढली आहेत आणि पंचवीस दिवसांची अर्जित रजा मागितली आहे. विभागातील बंगाली सहकाऱ्यांना नवल वाटते. दोन माणसांच्या भाड्यात थोडी भर घातली तर विमान मिळते, असा हिशेब त्यांनी आम्हांला मांडून दाखवला, आणि तो चुकीचा नाही.

आईला फोनवर सांगितले. तिने कोणत्या वारी पोचणार ते विचारले. वेळ किती लागतो, ते विचारले नाही.